गढीची पांढरी

आमच्याकडं गावाची जमीन दोनच रंगांत सांगतात. काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. जुन्या कागदांतसुद्धा रानाला काळी आणि वस्तीला पांढरी म्हटलेलं सापडतं. शहरातल्या वाचकांना वाटेल की गाव वसवायला लोकांनी पांढऱ्या मातीची जागा शोधून काढली असेल. तसं नसतं. पांढरी ही निसर्गानं दिलेली माती नाही, ती माणसानं राहून-राहून केलेली आहे. चुलीतली राख, शेणाचं सारवण, पडलेल्या भिंती, जनावरांची हाडं, फुटलेली मडकी, भुसकट, चुना हे सगळं शेकडो वर्षं एकावर एक पडत गेलं की खालची काळी झाकून जाते आणि वर भुरकट पांढरा थर चढतो. भिंत पडली की माणूस ती उचलून लांब टाकत नाही. तिथंच सपाट करतो आणि तिच्यावर नवी उभी करतो. म्हणून जुनं गाव नेहमी आजूबाजूच्या रानापेक्षा उंच दिसतं.

त्या पांढरीत सगळ्यात उंच असते ती गढी.

मराठवाड्यात, खानदेशात, वऱ्हाडात, नगरकडं फिरलं की दर चार-दोन गावांमागं एखादी गढी दिसतेच. कुठं नुसता एक बुरूज, कुठं दरवाज्याची कमान, कुठं फक्त टेकाड आणि त्यावर वेड्या बाभळी. पाटील, देशमुख, देशपांडे, इनामदार नाहीतर कुणी लहानसा सरदार यांचं हे राहतं घर. किल्ला म्हणावा तर लहान, वाडा म्हणावा तर भिंती भलत्याच जाड. खाली घडीव दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीचे भेंडे रचत नेलेली भिंत, बुडाशी रुंद आणि वर निमुळती. चार कोपऱ्यांना चार बुरूज. बुरुजाला जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची भोकं. दरवाजा सागवानी, खिळे ठोकलेला, आतून अडसर. मोठा दरवाजा रोज उघडायचा नाही, येणं-जाणं दिंडीतून, वाकून. आत शिरलं की देवड्या, मग ढेलज, मग चौक. माळवदाची घरं, एक आड, आणि जमिनीत पेवं.

पेव आजच्या पोरांना माहीत नाही. जमिनीत गाडग्याच्या आकाराचा खड्डा खणायचा, तोंड अरुंद, पोट मोठं. आतून कडबा-भुसकट लावून ज्वारी भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं दाणा राहायचा. पेव उघडलं तरी लगेच आत उतरायचं नाही. आत वाफ धरलेली असते, आधी दिवा सोडून बघायचा. दिवा विझला तर माणूसही विझेल, एवढं शास्त्र आमच्या आजीलासुद्धा ठाऊक होतं.

मातीची भिंत म्हणजे गरिबाची भिंत असं कुणी समजू नये. तोफेचा गोळा दगडी भिंतीवर बसला की दगड फुटतो आणि चिपऱ्या उडतात. मातीच्या भिंतीत गोळा रुतून बसतो. भरतपूरचा किल्ला मातीच्या तटाचा होता. १८०५ साली इंग्रजांच्या लॉर्ड लेकनं त्याच्यावर चार वेळा हल्ला केला आणि चारही वेळा त्याला परत फिरावं लागलं. आपल्याकडं चाकणचा भुईकोट घ्या. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी थोड्या माणसांनिशी तो शाहिस्तेखानाच्या फौजेसमोर पावणेदोन महिने झुंजवला. शेवटी खानाला बुरुजाखाली भुयार खणून दारू ठासावी लागली, तेव्हा कुठं वाट झाली. चाकणला खंदक होता. परंडा, औसा, सोलापूर, नगर या भुईकोटांचे खंदक तर आजही बघायला मिळतात. डोंगरी किल्ल्याला कडा राखतो, सपाटीवरच्या कोटाला कडा नाही, म्हणून माणसानं खणून केलेला हा उलटा कडा.

गावच्या गढीला एवढा बांधीव खंदक कुठून असणार? पण भिंतीला हजारो गाड्या माती लागते. ती लांबून कशाला आणायची, भिंतीच्या पायथ्याचीच उकरायची. भिंत वर चढत जाते तसा शेजारचा खड्डा खोल होत जातो. आमच्या गढीच्या खालच्या अंगाला अशी अर्ध्या चंद्रासारखी खोलगट जागा आहे. माझ्या लहानपणी पावसाळ्यात तिथं म्हशी बसायच्या. पाणी दिवाळीपर्यंत टिकायचं. सगळे तिला खंदक म्हणायचे, आणि कशाला म्हणतात हे कुणी विचारायचं नाही. आता तिथं गावाचा उकिरडा आणि प्लास्टिक.

या गढ्या कधीच्या? विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘शिवाजी महाराजांच्या काळची.’ आपल्याकडं जुनं म्हटलं की तोच एक काळ. महाराजांचं गढ्यांबद्दलचं मत काय होतं हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. सभासदानं सतराव्या शतकाच्या शेवटी जिंजीला राजाराम महाराजांसाठी बखर लिहिली. तिच्यात ही हकिकत आहे. देशमुख आणि बाकीचे वतनदार वाडे, बुरूज, कोट बांधून, पदरी बंदूकवाले ठेवून माजले होते. रयतेकडून मन मानेल तसं काढायचे आणि सरकारात थोडं भरायचे. महाराजांनी त्यांचे बुरूज पाडायला लावले आणि रयत राहते तसं साधं घर बांधून राहा असं बजावलं. म्हणजे गढी ही स्वराज्याची खूण असण्यापेक्षा स्वराज्याला डोकेदुखी होती. गावच्या जत्रेत हे सांगितलं तर लोक माझ्याकडं रागानं बघतात, पण बखर काही मी लिहिलेली नाही.

महाराजांच्या मागं सत्तावीस वर्षं मोगलांशी झुंज चालली. त्या धामधुमीत वतनं आणि सरंजाम वाटले गेले आणि बुरूज पुन्हा उभे राहिले. अठराव्या शतकात निजाम आणि पेशवे यांच्या सीमा आमच्या भागात रोज हलत होत्या. एका गावाकडून दोघंही वसूल मागायचे. पुढं पेंढारी आले. १८१७-१८ पर्यंत त्यांची दहशत होती. धूळ दिसली की सगळं गाव गढीत, जनावरं आणि लेकरांसकट, असं म्हातारी माणसं त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं सांगायची. एरवी ज्या दरवाज्यासमोरून पायताण हातात घेऊन जायचं, त्याच दरवाज्याच्या आत त्या दिवशी जीव वाचायचा. म्हणून गढीबद्दल गावाच्या मनात दोन्ही गोष्टी आहेत. वेठ पण तिथलीच आणि आसरा पण तिथलाच. आमच्या घराण्यानं दोन्ही भोगलंय.

पेशवाई गेली, पेंढारी गेले, आणि बुरुजाचं काम संपलं. आमचा मुलूख निजामाकडं राहिला, तिथं गढीचा रुबाब १९४८ पर्यंत टिकला. मग वतनं गेली. पाटीलकीचं पद कायद्यानं १९६३ च्या जानेवारीत संपलं. मालक लोक पुण्याला, औरंगाबादला गेले. माळवदावर दरवर्षी माती टाकावी लागते, पाणी मुरू नये म्हणून भेग बुजवावी लागते. ते करणारं कुणी राहिलं नाही आणि पाच-सात पावसाळ्यांत माळवद खाली आलं. ७२ च्या दुष्काळात जोत्याचे दगड निघाले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, सुकडी खायची. ती खडी कुठल्या दगडाची आहे हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं, आणि त्या उपाशी माणसांना मी आज दोष देणार नाही.

दगड, सागवान गेलं. राहिली माती. आणि तिचंच मोल सगळ्यात जास्त आहे हे मला सांगायचंय.

शेतकऱ्याला ते मोल एका अर्थानं फार पूर्वीपासून माहीत आहे. पांढरी रानात टाकली की पीक हिरवंगार येतं. राख, शेण, हाडं कुजून तिच्यात स्फुरद साठलेलं असतं. माती परीक्षणाच्या कागदावर जो आकडा बघून आपण खताचं पोतं आणतो, तोच आकडा पुरातत्त्वाची माणसंही बघतात. ज्या मातीत स्फुरद जास्त तिथं माणसं किंवा जनावरं राहिली असणार, असा त्यांचा हिशेब. उन्हाळ्यात आमच्याकडं गढीच्या मातीच्या बैलगाड्या भरायच्या. माणूस खोऱ्यानं माती ओढायचा, त्याला अर्धा दिवस लागायचा. आता जेसीबी पाच मिनिटांत ट्रॉली भरतो.

दुसरे लोक गुप्तधनवाले. प्रत्येक गढीखाली भुयार आहे, ते शेजारच्या गावापर्यंत जातं, आणि त्यात सात रांजण आहेत. रांजण सगळीकडं सातच! अमावस्येला लिंबू-नारळ घेऊन येतात, रात्रभर खणतात, आणि सकाळी भलं मोठं भगदाड सोडून जातात. जमिनीत दहा रुपयांवर किमतीचं काही पुरलेलं सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असा १८७८ सालचा इंग्रजांचा कायदा आजही आहे. तो कुणाला माहीत नसतो आणि सापडतही काही नसतं. सापडतात खापरं, ती बाजूला फेकतात.

त्या फेकलेल्या खापरातच सगळं आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला प्रवरेच्या काठी लाडमोडच्या टेकाडावर खोदाई केली. त्या पांढरीत वरून खाली उतरत गेले तर मराठ्यांच्या, बहमनींच्या काळापासून सातवाहनांपर्यंत आणि त्याच्याही मागं तांब्याच्या हत्यारांच्या काळापर्यंत थरावर थर लागले. खुद्द नेवाशाच्या नदीकाठच्या खडीत तर अश्मयुगातली दगडी हत्यारं. ज्ञानेश्वरीचं गाव म्हणून आपण तिथं हात जोडतो, त्याच्या बुडाशी एवढा मोठा काळ झोपलेला होता.

थर कुठला कधीचा हे कसं कळतं? मला यातली एक खूण फार आवडते, ती चिलमीची. तंबाखू हे आपलं पीक नव्हे. ते पोर्तुगिजांबरोबर अमेरिकेतून आलं. आसदबेग नावाच्या मोगल सरदारानं १६०४-०५ च्या सुमारास विजापूरहून तंबाखू नेऊन अकबराला दाखवली, तोवर तिकडच्या दरबाराला ती नवलाची होती. म्हणजे मातीच्या ज्या थरात चिलमीचा तुकडा निघाला, तो थर सोळाव्या शतकाच्या शेवटाआधीचा असूच शकत नाही. चिलमीच्या खाली रंगीबेरंगी, दोन-तीन रंगांच्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे लागले तर बहमनी काळाची शंका घ्यावी, तशा बांगड्या नेवाशाला आणि कोल्हापूरला त्या थरांत निघाल्यात. कुणी धुरकरी गडी बुरुजावर बसला, त्याची चिलीम फुटली, त्यानं शिवी हासडून ती खाली टाकली. त्या शिवीची नोंद कुठल्या दप्तरात नाही, पण चिलमीची आहे. मात्र ती जागेवर असेल तरच. ट्रॉलीत भरून रानात पसरली की ती नुसती खापरी. गुप्तधनवाल्यानं वरचं खाली आणि खालचं वर केलं की तोच प्रकार. पोथी फाडून पानं पिसली तर अक्षरं राहतात, कथा जाते.

गढीचा खंदक तर याहून मोलाचा. विलायतेत, इंग्लंडमध्ये, अशा गढ्या आपल्यापेक्षा आधीच्या. तिथल्या जमीनदारानं घराभोवती चौकोनी चर खणून पाणी सोडायचं. तसली जवळजवळ सहा हजार ठिकाणं मोजून नोंदलेली आहेत, त्यातली बहुतेक १२५० ते १३५० या शंभर वर्षांतली. लढाईसाठी त्यातली थोडीच. बाकी सगळा रुबाब, पाण्यानं वेढलेलं घर म्हणजे मोठ्या माणसाचं घर, शिवाय मासे पाळायला सोय आणि चिकण जमिनीचा निचरा. घरं केव्हाच गेली, कुरणातल्या चौकोनी खळग्यात मेंढरं चरत होती. पुढं तिथल्या जाणकारांच्या लक्षात आलं की चरातल्या ओल्या गाळाला हवा लागत नाही, म्हणून त्यात लाकूड, चामड्याचे जोडे, बिया, फुलांचे परागसुद्धा शेकडो वर्षं न कुजता राहतात. आता यातल्या पुष्कळ जागा कायद्यानं राखलेल्या आहेत, त्यावर मनाला येईल तसा नांगर घालता येत नाही.

आपल्याकडं ऊन असं की खंदक उन्हाळ्यात तडकतो. लाकूड-चामडं राहणार नाही. आपल्याकडं राखलंय ते आगीनं. जळालेला दाणा कुजत नाही. कोळसा झालेल्या दाण्याला कीड लागत नाही, वाळवी लागत नाही. पुरातत्त्ववाले राखेची माती पाण्यात कालवतात, जळके दाणे वर तरंगतात, ते गाळून वाळवून ओळखतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पंधरा वर्षं खोदाई केली, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं होती. इसवी सनाच्या पूर्वी १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव निघालं. सातू, मसूर, कुळीथ असे जळके दाणे निघाले. नदीचं पाणी आणायला खणलेला पाट निघाला. आणि गावाच्या मधोमध एक पाच खोल्यांचं घर निघालं, बाकीच्यांपेक्षा मोठं, शेजारी धान्याचं कोठार. ढवळीकरांनी ते गावप्रमुखाचं घर मानलं.

मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. पाच खोल्या आणि शेजारी कोठार. म्हणजे गढी आणि पेव तीन हजार वर्षांपूर्वी होतंच की! ज्याच्या हातात कोठाराची किल्ली, त्याचं घर मोठं. बुरूज मागाहून आले.

इनामगावच्या वरच्या थरांत आणखी एक गोष्ट दिसते. इसवी सनापूर्वी १००० च्या पुढं चौकोनी घरं संपत जातात आणि लहान गोल झोपड्या येतात. पाऊस उणावला, पाटपाण्याची शेती मोडली, माणसं मेंढरं-शेरडांच्या मागं लागली, असा अर्थ ढवळीकरांनी लावलाय. शेवटी गावच उठलं. तीन-तीन वर्षं पाऊस न बघितलेल्या आमच्यासारख्याला हे समजावून सांगायला प्रोफेसर लागत नाही.

पण इनामगाव किंवा नेवासा सगळ्यांच्या नशिबी नाही. तेरला रामलिंगाप्पा लामतुरे होते. त्यांनी गावच्या पांढरीत पावसानं उघडी पडणारी नाणी, मणी, मातीची चित्रं वेचून जपली, आज त्यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय तिथं उभं आहे. सिंदखेडराजाला २०२४ साली लखुजी जाधवांच्या समाधीजवळ काम चाललं असताना जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली, तर बघायला मुलूख लोटला. मूर्ती निघाली की गर्दी होते. आमच्या गढीत मूर्ती नाही. राजा-महाराजा नाही. सरकारच्या संरक्षित यादीत तिचं नाव नाही. सात-बाऱ्यावर भाऊबंदकीची बारा नावं, त्यातली चार पुण्यात आणि एक अमेरिकेत.

परवाच्या उन्हाळ्यात गढीवर पाण्याची टाकी बांधायचं ठरलं. उंच जागा, नळाला दाब चांगला मिळणार. पाणी तर पाहिजेच, मीही टाकीला नको म्हणालो नाही. टाकी खालच्या गायरानावरच्या माळावर घ्या, तोही उंच आहे, एवढं म्हणालो. तिथं पाइप जास्त लागतो असं उत्तर आलं. पायासाठी जेसीबी लागला आणि एका दिवसात दोन परस खोल, उभा, चाकूनं भाकर कापावी तसा काप पडला.

ड्रायव्हर तरणा होता. म्हणाला, ‘काका, बाजूला सरका, ढासळंल.’

मी म्हटलं, ‘बाळा, दोन दिवस थांबशील का? डिझेलचं मी बघतो.’

‘मला काय, मालकाला इचारा.’

मालकानं दोनच दिवस दिले. शाळेतल्या गुरुजींना बोलावून आणलं. त्यांनी मोबाईलवर फोटो काढले, मी सुतळीला हाता-हातावर गाठी मारून ती कापावरून खाली सोडली. सातवी-आठवीची पोरं वही घेऊन बसली. सगळ्यात तळाला काळी, हिच्यात काही नाही, हे गाव वसायच्या आधीचं रान. तिच्यावर दीड हात राख आणि खापरं. मग चार बोटं लाल भाजलेली माती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कधीतरी सगळं जळालं होतं. कुणी जाळलं, का चुलीची ठिणगी, ते मातीत लिहिलेलं नाही. लाल पट्ट्याच्या वर चुन्याची जमीन, एकीवर एक तीन वेळा केलेली. तिच्या बाजूला पेवाचं अर्धं पोट कापलं गेलं होतं, तळाशी मूठभर काळे दाणे. एका पोरीनं ओळखले. ‘आबा, हावरी नव्हं, ज्वारीच हाय.’ वरच्या अंगाला बांगडीचे तुकडे, हिरव्यावर पिवळी नागमोडी. त्याच्याही वर, वरून चार हातांवर, चिलमीचं तोंड.

तिसऱ्या दिवशी पायात काँक्रीट पडलं. त्या पोरीनं काढलेलं कापाचं चित्र शाळेच्या कपाटात आहे, आगकाडीच्या पेटीत दाणे आहेत, आणि चिलमीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली आहे. चिठ्ठीवर गुरुजींनी लिहिलंय, ‘गढी, टाकीचा पाया, पूर्वेची बाजू, वरून चार हात.’ खंदकाचा खळगा अजून कुणी बुजवलेला नाही. या पावसाळ्यात तिथं पुन्हा पाणी साचलंय.